बोराएवढा मेंदू आणि चार पावसाळे

परवा आईच्या डोक्याचा एमआरआय काढला. घाबरू नका मंडळी, सगळं ठीक आहे. (नात्यातले जे कोणी हे वाचतायत त्यांनी लगेच फोन करू नये, आई दुपारी झोपते.) चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी काढायला सांगितला होता. चक्करचं कारण कानात निघालं. पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती. तिचा मराठीत अर्थ असा, की मेंदू वयोमानानुसार आकसलेला आहे.

डॉक्टर म्हणाले, "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी असतंच हे." त्यांच्या दृष्टीने विषय संपला. आमच्या घरात तो तिथून सुरू झाला. मावशीने देव पाण्यात ठेवले. दादाने न्यू जर्सीहून कमी जेवल्याने मेंदू तरुण राहतो अशा आशयाचे तीन लेख पाठवले. आणि आईने दुसऱ्या दिवसापासून रात्रीची भाकरी बंद केली.

मी मात्र 'वयोमानानुसार' या शब्दाला अडकून बसलो. कोणाच्या वयोमानानुसार? म्हातारपणी मेंदू इतका इतका आकसतो, हे माप कोणी ठरवलं? मेंदू काही वजनकाट्यावर ठेवून दरवर्षी मोजता येत नाही. मग रात्री जागून वाचत गेलो आणि वाचता वाचता मादागास्करच्या एका प्राण्यापाशी पोचलो, ज्याचं नावही मी आधी ऐकलं नव्हतं. आजची पोस्ट त्याची आहे. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

सुरुवात मात्र माणसापासूनच करावी लागेल. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक बाई दाखल झाली. वय ५१. तिला स्वतःचं नाव लिहितानाही मधेच विसरायला व्हायचं. आलोइस अल्झायमर हे तिचे डॉक्टर. १९०६ साली ती वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. तिचा मेंदू त्यांनी तिकडे मागवून घेतला, त्याचे पातळ काप करून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात पेशींबाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आतले गुंते त्यांना दिसले. पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तो आजार आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

पण या पद्धतीत एक मोठी अडचण आहे. मेंदू हातात येतो तो माणूस गेल्यावर, आणि तोही एकदाच. तीच बाई चाळीस वर्षांची असताना तिच्या मेंदूत काय होतं, हे कधीच कळणार नाही. म्हणजे कादंबरीचं शेवटचं पान हातात, आधीची सगळी फाटलेली. पुढची सत्तर वर्षं म्हातारपणाच्या मेंदूचा अभ्यास बराचसा असाच चालला. वीस म्हाताऱ्यांचे मेंदू आणि वीस तरुणांचे मेंदू शेजारी ठेवायचे आणि मधलं अंतर अंदाजाने भरायचं.

१९७३ साली अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा लेख छापला. त्यातलं चित्र अगदीच साधं, पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं. 'नेचर'ने तो लेख आधी नाकारला होता म्हणे! पण नळ्या न फोडता आतलं पाणी कुठे आहे हे चुंबकाच्या साहाय्याने दाखवता येतं, हे त्या चित्राने सिद्ध केलं. आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, त्यामुळे पुढे काय होणार हे उघड होतं. इंग्लंडमधल्या पीटर मॅन्सफील्ड यांनी हे तंत्र वेगवान केलं आणि २००३ साली दोघांना मिळून नोबेल मिळालं. आई ज्या बोगद्यात 'रामरक्षा म्हणत पडले होते' म्हणते, तो बोगदा त्या दोन नळ्यांचा वंशज आहे.

आता मेंदू जिवंतपणी पाहता यायला लागला, आणि पुन्हा पुन्हा पाहता यायला लागला. क्ष-किरण नाहीत, त्यामुळे दरवर्षी काढला तरी चालतो. प्रश्न उरला वाट पाहण्याचा. माणूस म्हातारा व्हायला सत्तर-ऐंशी वर्षं घेतो. संशोधकाची नोकरी असते तीस-पस्तीस वर्षांची. आपला विषय म्हातारा होण्याआधी आपणच निवृत्त व्हायचं!

मग आपली लालतोंडी माकडं आठवली जातात. ऱ्हीसस माकड म्हणतात ते. १९५०च्या दशकात पोलिओच्या लसीसाठी आणि इतर प्रयोगांसाठी भारतातून दरवर्षी लाखावर माकडं परदेशी जात होती. १९७८ साली मोरारजी देसाईंच्या सरकारने ही निर्यात बंद केली. तोवर अमेरिकेत त्यांची पैदास सुरू झाली होती. पण हे माकडही सांभाळलं तर पंचवीस-तीस वर्षं जगतं, काही चाळिशीपर्यंत जातात. दुसऱ्या टोकाला उंदीर. तो दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो, पण अल्झायमरने पाहिलेले ते गोळे त्याच्या मेंदूत आपसूक होत नाहीत, जनुकं बदलून घडवावे लागतात. म्हणजे हवा होता असा प्राणी, जो नात्याने आपल्या बाजूचा आहे आणि तरी लवकर म्हातारा होतो.

तो सापडला मादागास्करात. करडा माउस लेमूर. बॅटरीच्या उजेडात चमकणारे मोठाले डोळे, अंगाइतकीच किंवा थोडी जास्त लांब शेपटी, माणसासारखी बोटं. वजन ६० ते १२० ग्रॅम, म्हणजे एखाद्या पेरूपेक्षाही कमी. मेंदू दोन ग्रॅमच्या आत, छोट्या बोराएवढा. पण आहे प्रायमेट, आपल्या आणि माकडांच्या मोठ्या कुळातला. रात्री हिंडतो, किडे, फळं आणि झाडांचा डिंक खातो. मादागास्करच्या कोरड्या हिवाळ्यात खायला मिळत नाही, तेव्हा शेपटीत साठवलेल्या चरबीवर जगतो आणि दिवसाचे काही तास अंग थंड करून गुंगीत पडून राहतो.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसजवळच्या ब्रुन्वा गावात, फ्रान्सच्या राष्ट्रीय नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या प्रयोगशाळेत या प्राण्यांची वसाहत सुरू झाली. मादागास्करच्या लेमूरांवर आयुष्यभर काम केलेले जाँ-जाक पेतेर आणि आर्लेत पेतेर-रूसो हे त्यामागचे लोक. म्हातारपण हा तेव्हा विषयच नव्हता. हे प्राणी कसे जगतात, केव्हा विणीला येतात, एवढंच बघायचं होतं. तिथे ऋतू खिडकीबाहेरचे नाहीत, दिव्यांचे. काही महिने चौदा तास उजेड म्हणजे उन्हाळा, काही महिने दहा तास उजेड म्हणजे हिवाळा.

आपल्याकडे वडीलधारी माणसं 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' म्हणतात ना? मार्तिन पेरे यांनी याच्याच जवळचा प्रयोग केला. दिव्यांचं वेळापत्रक बदलून त्यांनी काही लेमूरांचं 'वर्ष' आखूड केलं, म्हणजे ऋतू भराभर फिरवले. १९९७ साली छापलेल्या त्या निष्कर्षांप्रमाणे या लेमूरांचं आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी घटलं. जणू हा प्राणी आयुष्य महिन्यांत नाही, ऋतूंतच मोजत होता. हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

वसाहत जुनी होत गेली तसे त्यात म्हातारे जमत गेले. रानात घुबडं आणि साप यांच्या तावडीतून फार थोडे लेमूर म्हातारे होतात. पिंजऱ्यात पाच-सहा वर्षांनंतर त्याला म्हातारा समजतात आणि तो दहा-बारा वर्षांपर्यंतही जाऊ शकतो. मोतीबिंदू होतो, केस पांढरे होतात. १९९२च्या सुमारास नोएल बॉन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या लेमूराच्या मेंदूत अल्झायमरच्या गोळ्यांसारखे गोळे आणि पेशींमधले बदल दाखवले. कोणी ते घडवले नव्हते, वयाबरोबर आपोआप झाले होते. सगळ्या म्हाताऱ्यांत नाही, काहींतच. पण हा अभ्यासही मेलेल्या मेंदूचाच. पुन्हा शेवटचंच पान.

इथे एमआरआय येतो. मार्क देनें हे त्यातलं मुख्य नाव. अडचण अशी की आईला ज्या यंत्रात घातलं त्यात माणसाचा मेंदू साधारण एक मिलिमीटरच्या ठिपक्यांनी रंगवला जातो. बोराएवढ्या मेंदूचं चित्र एवढ्या जाड ठिपक्यांनी काढलं तर रांगोळी फावड्याने काढल्यासारखं होईल. त्यासाठी ठिपका पाव मिलिमीटरच्या आत आणावा लागतो. दवाखान्यातला चुंबक दीड किंवा तीन टेस्लाचा असतो, लेमूरासाठी पुढे सात आणि नंतर ११.७ टेस्लापर्यंतचे वापरले गेले. लेमूराला 'हलू नकोस' सांगता येत नाही, म्हणून भूल द्यायची, डोकं अलगद धरून ठेवायचं, अंग गार पडू नये म्हणून ऊब द्यायची, श्वासावर लक्ष ठेवायचं. चित्र झालं की पठ्ठ्या पुन्हा आपल्या पिंजऱ्यात, आणि काही महिन्यांनी पुन्हा यंत्रात.

१९९८ साली देनें आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वय वाढतं तसे मेंदूच्या खोल भागातले काही पुंजके चित्रात काळे पडत जातात आणि त्याचं कारण तिथे साठणारं लोह आहे. माणसातही तसंच होतं. २००० साली त्यांनी लेमूरांच्या मेंदूचं आकसणं चित्रांतून मांडलं. मेंदू आकसला की रिकाम्या झालेल्या जागेत पाणी भरतं आणि चित्रात ते पांढरंशुभ्र दिसतं. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. एकाच वयाचे दोन लेमूर घ्या, एकाचा मेंदू बराच आकसलेला, दुसऱ्याचा भरलेला. म्हणजे 'वयोमानानुसार' हा शब्द लेमूरालाही नीट लागू पडत नाही!

मग पुढचा प्रश्न आपोआप आला. आकसला तर त्याचं बिघडतं काय? जाँ-ल्युक पिक हे लेमूरांच्या परीक्षा घेणारे. कुठल्या भोकातून गेलं की आपली पेटी लागते हे लक्षात ठेवायचं, नियम बदलला की जुना सोडून नवा शिकायचा, अशा परीक्षा. २०१२ साली पिक, देनें आणि सहकाऱ्यांनी परीक्षांचे गुण आणि मेंदूची चित्रं शेजारी शेजारी ठेवली. आठवणींशी संबंधित हिपोकॅम्पससारखे ठरावीक भाग ज्यांचे आकसले होते, त्यांची ठरावीक परीक्षांत घसरण होती. २०१९ साली ३४ लेमूरांच्या चित्रांवरून त्यांच्या मेंदूचा त्रिमितीय नकाशा तयार झाला, त्यामुळे कुठल्याही नव्या चित्राची तुलना आता त्या नकाशाशी करता येते.

इथवर वाचून मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. मेंदू आकसला की बुद्धी जाते. मावशीचे देव पाण्यातच राहू द्यावेत. पण गोष्ट इथे वळण घेते, आणि ते वळण दादाच्या लेखांपाशी जातं.

कमी खाल्लं तर आयुष्य वाढतं हे उंदरांत १९३०च्या दशकापासून माहीत होतं. माकडांत ते खरं आहे का, हे बघायला अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या शेवटी दोन ठिकाणी ऱ्हीसस माकडांवर प्रयोग सुरू झाले, एक राष्ट्रीय वार्धक्य संस्थेत आणि एक विस्कॉन्सिनला. जीवनसत्त्वं पुरेशी, पण उष्मांक सुमारे ३० टक्के कमी. विस्कॉन्सिनच्या लोकांनी वीस वर्षांनी, २००९ साली, पहिले मोठे निष्कर्ष छापले. कमी खाणाऱ्या माकडांना म्हातारपणाचे आजार कमी, आणि एमआरआयमध्ये मेंदूचे काही भागही कमी आकसलेले. २०१२ साली दुसऱ्या गटाने सांगितलं की आमची कमी खाणारी माकडं काही जास्त जगली नाहीत. दोन्ही गटांनी एकत्र बसून, माकडांचं वय आणि आहार यांतले फरक लक्षात घेऊन या भांडणाचा निकाल लावला तो २०१७ साली, एकूण फायदा आहे असा. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं.

ब्रुन्वात हाच प्रयोग २००६ साली लेमूरांवर सुरू झाला. फाबिएन ओजार, फाबियाँ पिफेरी, देनें वगैरे मंडळी. काही लेमूरांना नेहमीचं जेवण, काहींना ३० टक्के कमी, तेही तरुण वयापासून. बारा वर्षांत, २०१८ साली, निष्कर्ष हाती. नेहमीचं जेवणारे निम्मे लेमूर ६.४ वर्षांच्या आत गेले. कमी जेवणाऱ्यांत हाच आकडा ९.६ वर्षं. म्हणजे आयुष्य जवळजवळ दीडपट! कर्करोग आणि मधुमेहही कमी.

आणि एमआरआय? मेंदूतला पांढरा भाग, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तारांचा, काही ठिकाणी कमी झिजला होता. पण करडा भाग, जिथे प्रत्यक्ष पेशी असतात, तो कमी जेवणाऱ्यांत जास्त वेगाने घटला होता. मेंदूच्या बऱ्याच मोठ्या भागात. विस्कॉन्सिनच्या चित्रांत दिसलं त्याच्या जवळजवळ उलट.

आणि सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे परीक्षांत फरक नव्हता. ज्यांचा करडा भाग जास्त घटला, त्या गटाची आठवण, हालचाल, शिकणं दुसऱ्या गटापेक्षा कमी नव्हतं. जास्तही नव्हतं. २०१२च्या अभ्यासात आकसणं आणि विसरणं हातात हात घालून चालत होतं, इथे दोघांनी हात सोडले. चित्र खोटं नव्हतं, मोजमाप चुकलेलं नव्हतं. पण चित्रावरून मन वाचता येईल हा जो भरवसा होता, तो तेवढा पक्का राहिला नाही.

मला वाटतं, हे एका चित्राने कधीच कळलं नसतं. शेवटचंच पान हातात असतं तर 'आकसलेला मेंदू' असं लिहून फाइल बंद झाली असती. त्या प्राण्यांची पुन्हा पुन्हा काढलेली चित्रं होती, आणि त्याच प्राण्यांना पुन्हा पुन्हा परीक्षेला बसवलं होतं, म्हणून दोन्हींतली फट दिसली. आईचा एमआरआय हा तिच्या आयुष्यातला पहिलाच. तिच्या साठीतलं चित्र आमच्याकडे नाही. तिचा मेंदू किती आकसला हे आम्हाला माहीतच नाही. आत्ता तो केवढा आहे, एवढंच माहीत आहे. आणि परीक्षा म्हणाल तर गेल्या आठवड्यात तिने १९७१ सालच्या मावशीच्या लग्नात कोणी किती आहेर केला होता ते आकड्यांसकट सांगितलं. काही आकडे नातेवाइकांना अडचणीचे असल्यामुळे इथे देत नाही.

(ज्यांच्या घरी खरोखर कोणी रोज थोडं थोडं विसरत चाललंय, त्यांनी माझ्या या गमतीवर जाऊ नये. डॉक्टरांना जरूर दाखवावं. आकसणं म्हणजे काहीच नाही असं मी म्हणत नाहीये, एकट्या त्या ओळीवरून निकाल लावू नये एवढंच म्हणतोय.)

हे सगळं मी आईला रात्री सांगितलं. दादाही व्हिडिओ कॉलवर होता. कमी जेवण्याचं तर दोघांनाही नीट समजावलं, की हा प्रयोग तरुण वयात सुरू झाला होता, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी भाकरी सोडून नव्हे, आणि या वयात वजन उतरलं तर फायदा सोड, पडायची भीती. दादा गप्प बसला. (हे त्याच्या बाबतीत लिहून ठेवण्यासारखं आहे.)

आई ऐकत होती. तिला मेंदूच्या चित्रांत फारसा रस दिसला नाही. तिने विचारलं, "मग ती पिल्लं नंतर सोडली का रे परत रानात?"

म्हटलं, नाही. ती तिथेच जन्मली, दिव्याच्या उन्हाळ्यात वाढली आणि तिथेच म्हातारी झाली. आणि ज्या रानातून त्यांचे पूर्वज आणले, तिथे मादागास्करात जंगलतोड थांबलेली नाही.

"आणि अर्धपोटी कोणी राहायचं, हे कोणी ठरवलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे शब्दशः होतं, पण ते तिला द्यावंसं वाटलं नाही. आईच्या रिपोर्टवरच्या एका ओळीचा अर्थ थोडा तरी कळावा, यासाठी कुठलेसे पेरूपेक्षा हलके जीव बारा वर्षं मोजून जेवले होते, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांचा ऋणी आहे, आणि त्या ऋणाचं काय करायचं ते मला उमजलेलं नाही.

असो. आईने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "वाढ अर्धी भाकरी." भाकरीबरोबर लसणाची चटणी होती.

मावशी, देव पाण्यातून काढलेस तरी चालतील.